भायखळ्याचें स्मारक

युद्ध संपलें म्हणजे शहराशहरांतून दगड उभे राहूं लागतात. कोठें स्तंभ उभारला जातो, कोठें भिंतींत पाटी बसविली जाते, तर कोठें पडकी इमारतच तशी राखून ठेवण्यांत येते. दुसऱ्या महायुद्धांत ज्या शहरांवर आकाशांतून बॉम्ब पडले, त्यांना अशा स्मारकांची गरज अधिकच भासली. इंग्लंडांतील कॉव्हेंट्री शहरावर १४ नोव्हेंबर १९४० च्या रात्रीं जर्मन विमानांनीं हल्ला केला. त्यांत जळालेल्या जुन्या कॅथीड्रलच्या उघड्या भिंती तशाच ठेवून शेजारीं नवें मंदिर बांधण्यांत आलें. जपानांतील हिरोशिमा येथें १९५२ मध्यें स्मारक झालें. त्याच्या कमानीखालीं एक दगडी पेटी आहे आणि तींत मृतांच्या नांवांच्या वह्या ठेवलेल्या आहेत. दरवर्षीं ६ ऑगस्टला, मागील वर्षांत ज्यांची नोंद झाली त्या मृतांचीं नांवें त्या वह्यांत घातलीं जातात.

महायुद्धाची आठवण सांगणारा एक दगड कोल्हापुरासहि आहे. १९४३ ते १९४८ या काळांत कोल्हापूरजवळ वळिवडे येथें सुमारें पांच हजार पोलिश निर्वासितांची छावणी होती. सोव्हिएट रशियानें सायबेरियासारख्या दूरच्या मुलखांत नेऊन टाकलेलीं तीं कुटुंबें. त्यांत बायकामुलांचाच भरणा अधिक. इराणच्या मार्गानें तीं हिंदुस्थानांत आलीं आणि पंचगंगेच्या खोऱ्यांत त्यांनीं युद्धाचीं उरलेलीं वर्षें निर्भयपणें काढलीं. त्यांच्या कृतज्ञतेचें स्मारक कोल्हापूर शहराच्या महावीर उद्यानांत आहे.

या साऱ्या स्मारकांना एक गोष्ट सोपी जाते. कोणीं मारलें किंवा कोणीं तारलें, हें त्यांना सांगतां येतें. मुंबईस भायखळ्याला अग्निशामक दलाचें मुख्य ठाणें आहे, तेथील स्मारकाला मात्र ही सोय नाहीं. १४ एप्रिल १९४४ रोजीं मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदींत झालेल्या स्फोटांत दलाचे ६६ जवान मृत्युमुखीं पडले, त्यांच्या स्मरणार्थ तें उभारलेलें आहे. तारीख महायुद्धाच्या काळांतली, जहाज महायुद्धाच्या कामावरचें आणि त्यांतील दारूगोळाहि महायुद्धाचाच. परंतु मारणारा शत्रु त्यांत कोठेंच नाहीं. युद्धाच्या काळांत, पण शत्रूवांचून आलेला मृत्यु शहरानें कसा आठवावा, हा प्रश्न त्या स्मारकासमोर उभें राहिल्यावर पडतो. आजच्या भाषणाचा विषय तोच आहे.

त्या दिवसाचा अर्थ कळण्यासाठीं आधींचीं अडीच वर्षें ध्यानांत घ्यावीं लागतात. २३ डिसेंबर १९४१ रोजीं जपानी विमानांनीं रंगूनवर बॉम्ब टाकले आणि ब्रह्मदेशांतील हिंदी कुटुंबें जीव घेऊन स्वदेशाकडे निघालीं. ५ एप्रिल १९४२ ला कोलंबोवर हल्ला झाला. लगेच दुसऱ्या दिवशीं, म्हणजे ६ एप्रिलला, विशाखापट्टण आणि काकिनाडा येथें बॉम्ब पडले. त्याच वर्षाच्या डिसेंबरांत कलकत्त्यावर पाळी आली. ५ डिसेंबर १९४३ ला तर भरदिवसा कलकत्त्याच्या गोदीवरच विमानें आलीं. हा क्रम पाहतां पुढचें नांव मुंबईचें, असें कोणालाहि वाटावें. मुंबईंत घरोघरीं खिडक्यांना काळे कागद चिकटविले गेले. जिन्यांखालीं वाळूच्या बादल्या भरून ठेवल्या गेल्या, इमारतींच्या दारांसमोर विटांच्या आडभिंती उभ्या राहिल्या आणि भोंगा वाजला कीं कोठें दडावें याचे पाठ शाळांतून मुलांना मिळूं लागले. ए. आर. पी. चे स्वयंसेवक रात्रीं गल्लीगल्लींतून फिरत आणि उजेडाची एखादी फट दिसली तरी हटकीत. १९४२ मध्यें कित्येकांनीं बायकामुलांना कोकणांत, देशावर, आपापल्या गांवीं धाडून दिलें. सारांश, शहराचें सगळें लक्ष आकाशाकडे लागलेलें होतें.

मुंबईवर शत्रूचें विमान शेवटपर्यंत आलें नाहीं. आलें तें एक जहाज, आणि तें दोस्तांचेंच होतें.

त्या जहाजाचें नांव 'फोर्ट स्टिकीन'. ७,१४२ टनांची ही आगबोट १९४२ मध्यें कानडांत बांधली गेली होती. २४ फेब्रुवारी १९४४ ला ती इंग्लंडांतील बर्कनहेड बंदरांतून निघाली आणि जिब्राल्टर, पोर्ट सैद व कराची या मार्गानें १२ एप्रिल रोजीं मुंबईस पोंचली. तिच्या पोटांत सुमारें १,३९५ टन स्फोटक द्रव्यें व दारूगोळा होता. टॉर्पेडो, पाणसुरुंग व तोफगोळे हे त्यांतले कांहीं प्रकार. शिवाय ३१ लाकडी पेट्यांत सोन्याच्या लगडी होत्या. प्रत्येक पेटींत चार, म्हणजे एकूण १२४ लगडी. आणि त्यांची किंमत सुमारें ८ लक्ष ९० हजार पौंड. कराचीस जहाजावर आणखी माल चढला. त्यांत कापसाच्या हजारों गांठी होत्या आणि तेलाचीं पिंपेंहि होतीं. पंजाब व सिंध येथील कापूस रेल्वेनें मुंबईस आणण्यास त्या वेळीं बंदी होती. म्हणून व्यापाऱ्यांना समुद्राची वाट धरणें भाग होतें. स्फोटक माल आणि कापूस यांची ही संगत जहाजाचे कप्तान अलेक्झांडर नैस्मिथ यांना रुचली नव्हती व त्यांनीं तशी तक्रारहि नोंदविली होती. पण युद्धकाळांत रिकामी जागा घेऊन जहाज हांकणें हा गुन्हाच समजला जाई. तक्रार कागदावर राहिली आणि गांठी जहाजांत गेल्या.

कापूस हा पदार्थ किती निरुपद्रवी दिसतो! परंतु आग विझविणाऱ्यांना त्याच्या इतका त्रास क्वचितच दुसरा कोणता पदार्थ देत असेल. दाबून बांधलेल्या गांठींत तंतूंच्या मध्यें हवा कोंडलेली असते. आंत एखादी ठिणगी शिरली तर ती त्या हवेवर जगते. ज्वाळा दिसत नाहीं, नुसती धग राहते, आणि ती तासच काय, दिवसेंदिवस धुमसत राहूं शकते. बाहेरून पाणी ओतलें तरी घट्ट दाबलेल्या कापसांत तें खोलवर मुरत नाहीं. वरचा थर भिजतो आणि आंतला विस्तव तसाच राहतो. जवळ तेल असेल तर मग बोलावयासच नको. अशा गांठी जहाजाच्या एकाच खणांत खालीं रचलेल्या होत्या आणि त्यांच्या वर दारूगोळा होता.

शांततेच्या काळांत दारूगोळ्याचें जहाज गोदीबाहेर नांगरून त्यांतील माल पडावांत उतरवून घेण्याची रीत असे. युद्धाच्या घाईंत ती शिथिल झाली. 'फोर्ट स्टिकीन' सरळ गोदीच्या आंत, धक्क्याला येऊन लागली. धोक्याचा माल आहे हें दाखविणारें लाल निशाण तिच्यावर नव्हतें. जहाज आलें त्याला दोन दिवस झाले तरी स्फोटक माल उतरावयाचा राहिलाच होता.

शुक्रवार, १४ एप्रिल. दुपारीं दोनच्या सुमारास दुसऱ्या क्रमांकाच्या खणांतून धूर येत असल्याचें जहाजावरील लोकांच्या ध्यानांत आलें. पाण्याचे नळ सोडण्यांत आले, बंब आले, पाण्यावरून आग विझविणाऱ्या बोटीहि आल्या. परंतु धूर इतका दाट होता कीं आग नेमकी कोठें आहे तें दिसेना. खणांत ९०० टनांहून अधिक पाणी ओतलें गेलें. जहाज इतकें तापलें कीं तेंच पाणी उकळूं लागलें. जहाज तेथल्या तेथें बुडवावें कीं ओढून बाहेर समुद्रांत न्यावें, याचा अधिकाऱ्यांत खल चालला. पण ठाम निर्णय होईना. ३ वाजून ५० मिनिटांनीं जहाज सोडून जाण्याचा हुकूम सुटला. त्यानंतर सोळा मिनिटांनीं, ४ वाजून ६ मिनिटांनीं, पहिला स्फोट झाला.

जहाजाचे दोन तुकडे झाले. बारा किलोमीटर दूरच्या घरांच्या कांचा फुटल्या. कुलाब्याच्या वेधशाळेंतील भूकंपमापक यंत्रांनीं धक्का टिपलाच, पण सतराशें किलोमीटरांपलीकडे सिमल्यासहि तो नोंदला गेला. गोदींतील पाणी लाटेसारखें उसळलें. सुमारें चार हजार टनांचें 'जलपद्म' हें जहाज त्यानें उचललें आणि त्याची मागची बाजू धक्क्यावरील वखारीच्या छपरावर नेऊन टाकली. सुमारें अर्ध्या तासानें दुसरा, पहिल्याहून जबरदस्त स्फोट झाला. जळत्या कापसाचे बोळे, तापलेले लोखंडाचे पत्रे आणि लाकडांचीं ओंडकीं आसपासच्या वस्तीवर पावसासारखीं पडूं लागलीं. मांडवी आणि गोदीलगतच्या साऱ्या भागांत वखारी, चाळी व झोंपड्या एकमेकींना खेटून उभ्या होत्या. धान्य, मसाले, तेल, लाकूड असे पेट घेणारे सर्व पदार्थ तेथें खच्चून भरलेले. आग आटोक्यांत आणण्यास तीन दिवस लागले.

त्या वेळीं रस्त्यावर धांवणाऱ्या असंख्य माणसांनीं प्रथम काय केलें असेल? त्यांनीं वर पाहिलें. जपानी आले, बॉम्ब पडूं लागले, हीच बातमी क्षणांत शहरभर पसरली. अडीच वर्षें ज्याची भीति बाळगली तेंच घडलें, असें वाटणें स्वाभाविकच होतें. वर तर कांहींच नव्हतें; जें घडलें तें पायांखालच्या भूमीवर, धक्क्याला बांधलेल्या एका जहाजांत घडलें होतें.

एवढा मोठा अपघात लपून कसा राहील? तरीहि तो लपविण्याचा यत्न झाला. युद्धकाळचा सेन्सॉर जागरूक होता. सविस्तर हकीकत बाहेर धाडण्याची परवानगी बातमीदारांना मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यांत, म्हणजे जवळजवळ एका महिन्यानें मिळाली. परंतु जपानच्या ताब्यांत असलेल्या सायगाव येथील नभोवाणीनें दुसऱ्याच दिवशीं, १५ एप्रिलला, त्याचें सविस्तर वृत्त देऊन टाकलें होतें. ज्याच्यापासून लपवावयाचें त्याला बातमी आधींच पोंचली होती. अंधारांत राहिले ते आपलेच लोक. खेड्यांत बसलेल्या ज्या आईचा मुलगा गोदींत हमाली करीत होता, तिला त्या चार आठवड्यांत अफवेवांचून दुसरें काय मिळालें असेल? ताज्या बातमीबरोबर माणसांचीं नांवें येतात, नातलग पुढें येतात, कोण सांपडला व कोण सांपडला नाहीं याची विचारपूस होते. ती वेळ टळली कीं पुष्कळ नांवें कायमचीं निसटतात.

पुढें सरकारनें चौकशी नेमली. आग कापसाच्या गांठींपासून सुरू झाली असावी, बहुधा कोणाच्या तरी जळत्या सिगारेटनें, असें अनुमान निघालें. पण कमिशनचें लक्ष केवळ त्या सिगारेटवर खिळलें नाहीं. कापूस दारूगोळ्याच्या खालीं कां ठेवला? लाल निशाण कां लावलें नाहीं? स्फोटक माल उतरविण्यास एवढा वेळ कां लागला? खणांत वाफ सोडून आग कोंडण्याचा उपाय कां केला नाहीं? बंबवाल्यांना वर्दी देण्यांत उशीर कां झाला? हे प्रश्न वाचतांना एक गोष्ट ध्यानांत येते. यांपैकीं एकहि चूक, एकटी घेतली तर, शहर हादरविण्याइतकी मोठी नव्हती. ज्याच्या हातून जी घडली त्याला ती त्या दिवशीं क्षुल्लकच वाटली असेल. उद्यां करूं, वरच्याला विचारूं, येवढ्यानें काय होतें, अशा शब्दांत मावणाऱ्या त्या चुका होत्या. एकावर एक रचल्या गेल्या तेव्हां त्यांचाहि दारूगोळा झाला.

आतां माणसांच्या गणतीकडे वळलें पाहिजे, कारण स्मारकाचा खरा प्रश्न तेथेंच आहे. गोदीच्या निरनिराळ्या कामांवर असलेलीं २३१ माणसें गेलीं. त्यांतच अग्निशामक दलाचे ६६ जवान होते. याखेरीज ५०० हून अधिक नागरिक मेले. जखमींचा आंकडा २,५०० च्या वर गेला. तेरा जहाजें नष्ट झालीं. हजारों कुटुंबें बेघर झालीं आणि सुमारें पन्नास हजार लोकांचा रोजगार बुडाला. परंतु मृतांच्या संख्येविषयीं एकमत नाहीं. कांहीं अंदाज तेराशेंपर्यंत जातात. साडेसातशें आणि तेराशें यांत साडेपांचशें माणसांचें अंतर आहे. हें अंतर म्हणजे मोजणाराची चूक असें म्हणून सोडून देतां येणार नाहीं. ज्यांचें नांव कोणत्याच पटावर नव्हतें, त्यांची ती जागा आहे.

बंबवाल्यांचा पट होता. दिवसपाळीला कोण, कोणत्या बंबावर कोण, हें ठाण्यावर लिहिलेलें असे. म्हणून ६६ हा आंकडा पक्का आहे आणि म्हणूनच त्यांचें स्मारक होऊं शकलें. गोदींत रोजंदारीवर पाठीनें ओझें वाहणाऱ्या हमालाचा पट कोणापाशीं होता? तो सकाळीं आला, मुकादमानें त्याला कामावर घेतलें, संध्याकाळीं मजुरी घेऊन तो जावयाचा. घाटावरून आणि कोकणांतून आलेलीं अशीं कित्येक माणसें एका खोलींत पाळीपाळीनें झोंपत आणि महिन्याकांठीं गांवीं मनिऑर्डर धाडीत. वखारीच्या आडोशाला झोंपडी बांधून राहणाऱ्या बाईचा, तिच्या लेकराचा तर उल्लेखहि कोठें असण्याचें कारण नव्हतें. ज्या दिवशीं झोंपडी जळाली त्या दिवशीं त्यांच्या अस्तित्वाचा पुरावाहि जळाला.

याच्या शेजारीं त्या सोन्याचा हिशेब ठेवून पाहावा. १२४ लगडी होत्या हें आजहि बिनचूक सांगतां येतें. स्फोटानें त्या चहूंकडे उधळल्या. कांहीं त्याच वेळीं सांपडल्या, तर कांहीं पुढें कित्येक वर्षांनीं गोदीचा गाळ काढतांना वर आल्या. आणि दर वेळीं एखादी लगड सांपडली कीं त्याची बातमी झाली. सोनें मोजून जहाजांत चढविलेलें होतें, म्हणून तें मोजून शोधतां आलें. माणसें मोजून गोदींत घेतलेलीं नव्हतीं. यांत सोनें शोधणाराचा दोष नाहीं. पण कोणत्या वस्तूची नोंद आधीं ठेवावी, याविषयींची त्या काळची समजूत या दोन हिशेबांवरून स्पष्ट होते.

सरकारनें जबाबदारी स्वीकारली आणि १९४४ मध्येंच भरपाईसाठीं स्वतंत्र वटहुकूम काढला, हें न्यायानें सांगितलें पाहिजे. नुकसान झालेल्या पुष्कळांना त्याचा आधार मिळाला. मात्र भरपाई मागावयाची तर दावा हवा, दाव्याला पुरावा हवा. ज्याच्यापाशीं चोपडी, विम्याचा कागद, भाड्याची पावती होती त्याला मागणें सोपें. ज्याचें सारें वित्त म्हणजे एक पत्र्याची पेटी आणि एक घोंगडी, त्यानें काय दाखवावें?

गोदीची डागडुजी मात्र झपाट्यानें झाली. आठ हजार माणसें सात महिने खपलीं. त्यांनीं सुमारें पांच लक्ष टन ढिगारा उपसला आणि गोदी पुन्हां चालूं झाली. पुढें काळ बदलला. १८८० साली उघडलेली प्रिन्सेस गोदी आणि तिच्या शेजारची १८८८ ची व्हिक्टोरिया गोदी, या दोन्ही एकविसाव्या शतकांत कंटेनरांसाठीं जागा करण्याकरितां भर घालून बुजविण्यांत आल्या. ज्या पाण्यांत तें जहाज फुटलें तें पाणीहि आतां तेथें राहिलें नाहीं. अशा वेळीं भायखळ्याच्या स्मारकाचें महत्त्व वाढतें. घटनेची जागा नाहींशी झाल्यावर तिची साक्ष देणारें जें थोडें उरलें, त्यांत तें आहे.

असे प्रसंग इतर देशांतहि घडले आहेत. कानडांतील हॅलिफॅक्स बंदरांत ६ डिसेंबर १९१७ रोजीं, म्हणजे पहिल्या महायुद्धांत, 'माँ ब्लाँ' हें दारूगोळ्याचें जहाज दुसऱ्या जहाजाशीं टक्कर होऊन पेटलें आणि फुटलें. सुमारें दोन हजार माणसें मेलीं. तेथेंहि शत्रु नव्हता. त्या शहरानें मृतांच्या नांवांचें पुस्तक सिद्ध केलें. टेकडीवर घंटांचा मनोरा बांधला आणि दर ६ डिसेंबरला तेथें लोक जमतात. हॅलिफॅक्सनें जें केलें तें मुंबईला अशक्य होतें काय? हॅलिफॅक्स लहान शहर, मुंबई अफाट; तेथील मृत बहुतेक गांवचेच, मुंबईचे मृत दूरदूरच्या खेड्यांतले. शिवाय मुंबईच्या वाट्याला सेन्सॉरचें मौन आलें. आणि पुढच्या तीन वर्षांत देशावर इतके प्रसंग गुदरले कीं गोदीची आठवण मागें पडली. ही कारणें खरीं असलीं तरी तीं सबब म्हणून किती दिवस सांगावीं?

शत्रूनें केलेला घात लक्षांत ठेवणें मनाला सोपें जातें, कारण त्यांत आपण निर्दोष असतों. आपल्याच हयगयीनें झालेला घात आठवण्यांत सुख नाहीं. त्यामुळें अशा घटनांना लोक नशीब म्हणतात, अपघात म्हणतात आणि विसरतात. भायखळ्याचें स्मारक विसरलें गेलें नाहीं याचें कारण अग्निशामक दलानें तें नुसतें धुऊन पुसून ठेवलें नाहीं, त्याला काम दिलें. १४ एप्रिल हा दिवस देशभर अग्निशमन सेवा दिन म्हणून पाळला जातो. त्या दिवशीं मृत जवानांना मानवंदना दिली जाते आणि पुढें आठवडाभर शाळा, कारखाने, दवाखाने, नाट्यगृहें अशा ठिकाणीं आग कशी टाळावी व लागली तर काय करावें, हें दाखविलें जातें. ६६ जणांचें खरें श्राद्ध तें हेंच. दगडावर जें कोरतां येत नाहीं, म्हणजे चूक कोणती झाली आणि ती पुन्हां कशी टाळावी, तें दरवर्षीं माणसांच्या तोंडून सांगितलें जातें.

हा आठवडा मुंबईपुरता नाहीं. हातकणंगले तालुक्यांतील कबनूर हें इचलकरंजीला लागून असलेलें गांव. १९०४ साली विठ्ठलराव दातार यांनीं इचलकरंजींत पहिला यंत्रमाग आणला आणि त्या एका मागाचा पसारा वाढत वाढत कबनूरच्या गल्ल्यांपर्यंत पोंचला. ज्या कापसानें मुंबईची गोदी पेटविली, त्याच कापसावर या गांवाची चूल पेटते. मागाच्या खोलींत जाऊन पाहावें. तुळयांवर, दिव्यांवर, विजेच्या तारांवर रुईचे बारीक तंतु साचलेले असतात. यंत्र पुसलेल्या तेलकट चिंध्या कोपऱ्यांत पडलेल्या असतात. सुताचे गठ्ठे जागेच्या अडचणीमुळें दारांतच रचलेले असतात. यांतली एकहि गोष्ट मोठी नाहीं. 'फोर्ट स्टिकीन' जहाजावरील एकहि गोष्ट मोठी नव्हती. तंतु आठवड्याला झाडून काढणें, तेलकट चिंध्या झांकणाच्या डब्यांत टाकणें, दाराची वाट मोकळी ठेवणें आणि धूर दिसतांच स्वतः खटपट करण्यापूर्वीं बंबाला वर्दी देणें, एवढें ज्या खोलींत होतें तेथें त्या ६६ जणांची आठवण राहिली असें समजावें.

याहून एक काम अधिक आहे, आणि तें सुशिक्षित घरांनीं विशेष मनावर घेण्याजोगें आहे. घरांत, कारखान्यांत, बांधकामावर जो कोणी रोजानें राबतो, त्याचें नांव, गांव आणि घरच्या माणसाचा पत्ता एका वहींत लिहून ठेवावा. यास दोन मिनिटें लागतात. गोदींतल्या हमालांची अशी वही असती तर मृतांच्या आंकड्यांत साडेपांचशेंचा फरक राहिला नसता. पटावर नांव असणें हा उपकार नव्हे, तो माणसाचा हक्क आहे.

श्रोतेहो, मुंबईंत हवाई हल्ल्याचें स्मारक नाहीं, कारण तो हल्ला झालाच नाहीं. ज्यांनीं रात्र रात्र जागून आकाशाकडे डोळे लावले, त्यांचा पहारा निष्फळ होता असें म्हणतां येणार नाहीं. आग लागली तेव्हां ए. आर. पी. चे तेच लोक मदतीला धांवले. पण ज्या दिशेनें मृत्यु आला तिकडे पहारा नव्हता. भायखळ्याला जाण्याचा योग आला तर अग्निशामक दलाच्या ठाण्याशीं क्षणभर थांबावें. ६६ जणांना नमस्कार करावा आणि ज्यांची गणतीहि झाली नाहीं त्यांनाहि त्याच नमस्कारांत घ्यावें. मग घरीं परतल्यावर एकदां आपल्या स्वयंपाकघराकडे, जिन्याखालच्या अडगळीकडे आणि विजेच्या तारांकडे नीट पाहावें.